‘हाय’ म्हणजे ‘हय’ नव्हे

एके काळी सबंध डिचोली तालुक्यात जपानी बोलणारी मी एकटीच होते. हे मी ताठ मानेने सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई मोठी विदुषी असावी. मग पुढचंही सांगावं लागतं, की दुसरं कोणी रिंगणातच नसल्यामुळे पहिला नंबर मिळवायला फारसे कष्ट पडले नाहीत. माझी जपानी नवशिकीची. निवृत्त झाले तेव्हाही ती नवशिकीचीच होती. पण त्या मोडक्यातोडक्या जपानीने एकदा जे काम केलं, ते पक्क्या जपानीने झालं असतं की नाही याची मला आजही शंका आहे.

मी खाणीवरच्या लॅबमध्ये होते. आमची खनिजाची माती ट्रकने नदीवर जायची, तिथून बार्जमधून मुरगाव बंदरात आणि मग बोटीने जपानला. घेणारा चोखंदळ. लोखंड किती, वाळूचा अंश किती, ओल किती, हे सगळं त्याला आधी कळायला हवं. आता डोंगराएवढ्या ढिगातून मूठभर माती तपासायची तर ती मूठ कुठली? म्हणून ठिकठिकाणची माती आणून तिची एक रास करायची, ती भाकरीसारखी थापायची, मधोमध फुलीची रेघ मारून चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकून द्यायचे. उरलेल्याची पुन्हा रास, पुन्हा फुली. असं करत करत जी शेवटची वाटीभर राहते ती सबंध ढिगाच्या वतीने बोलते. हे काम करून करून आमचे हात, नखं, साडीचे काठ, सगळं तांबडं. आमच्या सर्वण गावाहून मी सकाळी पांढरं पातळ नेसून निघाले तरी संध्याकाळी गुलालात खेळून आल्यासारखी घरी पोचायची.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमाराला खाणीवर माती धुऊन तिचा कस वाढवायचं नवं यंत्र यायचं ठरलं. यंत्र जपानी, ते बसवणारा इंजिनीअरही जपानी, आणि त्याचं इंग्रजी बेतास बात. आमचे मॅनेजर सातारकडचे, सरळ गृहस्थ पण घाईचे. त्यांनी लॅबमध्ये येऊन विचारलं, जपानी शिकायला कोण तयार आहे? शिकवणी कंपनीच्या खर्चाने. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी हात वर केला. कारण विचाराल तर एवढंच, की दुसरं कोणी करत नव्हतं आणि मला नवी गोष्ट दिसली की हात आवरत नाही.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे. राजभाषा कोंकणी की मराठी यावर आमच्या घरात ताटावर बसून वाद व्हायचे. बाबा मराठीच्या बाजूचे. त्यांचं सगळं वाचन मराठी, पूजा-आरती मराठी. माझा भाऊ पणजीला जाऊन कोंकणीच्या घोषणा देऊन यायचा. गंमत म्हणजे दोघं भांडायचे ते कोंकणीतच. त्यात मी जपानीचं काढलं तेव्हा बाबा जेवता जेवता थांबले.

“आपली भास खंयची तें अजून थारूंक ना,” ते म्हणाले, “आनी तूं जपानी शिकता?”

“तें थारता म्हणसर शिकून जाता म्हजें,” मी म्हटलं, म्हणजे ते ठरेपर्यंत माझं शिकून होईल. आई पदराआड हसली आणि परवानगी मिळाली असं मी धरून चालले.

शिकवायला म्हापशाला फिलोमेनाबाई होत्या. त्यांचा नवरा बोटीवर, त्यामुळे काही वर्षं त्या कोबे शहरात राहून आलेल्या. व्याकरण त्यांना ठाऊक नव्हतं. बाजारात, शेजारीपाजारी बोलून त्या जपानी शिकल्या होत्या आणि तशीच त्यांनी ती मला शिकवली. दर रविवारी मी बस बदलत बदलत त्यांच्या बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या बाकावर, जाऊन बसायची. पहिल्याच दिवशी त्यांनी पुढ्यात पाव ठेवला, पाण्याचा पेला ठेवला आणि माझ्या ब्लाउजच्या बटणाला बोट लावलं.

“आमचो पाव, तांचो पान. आमचो कोप, तांचो कोप्पु. आमचो बुतांव, तांचो बोतान,” त्या म्हणाल्या. “पुर्तुगेज तांगेर लेगीत पाविल्ले, बाय. तुका अर्दें जपानी घरांतच मेळ्ळें.”

पोर्तुगीज जपानलाही पोचले होते, म्हणून हे शब्द दोन्हीकडचे. अर्धं काही मिळालं नव्हतं, पण माझी भीती मोडली. आणि खरं सांगायचं तर मराठी माणसाला जपानीची वाक्यं सोपी जातात. त्यांचंही क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. आपण ‘ला’, ‘ने’, ‘चा’ शब्दाच्या मागे लावतो, तेही तसेच छोटे छोटे प्रत्यय मागे चिकटवतात. ‘कोही ओ नोमिमासु’, म्हणजे कॉफी पितो. शब्दामागून शब्द तसाच ठेवा, वाक्य तयार. नावापुढचं ‘सान’ म्हणजे आमच्या कोंकणीतलं ‘बाब’, मराठीतलं ‘राव’. कॉन्व्हेंटात शिकलेल्या आमच्या अकाउंटंटने माझ्याकडून चार वाक्यं शिकायचा प्रयत्न केला, पण तो इंग्रजीवरून जायला बघायचा आणि दर वेळी उलटा पडायचा. अक्षरं मात्र माझा जीव खायची. ती मी लॅबमध्ये घोटली. नमुन्याची तांबडी पूड थापून झाली की फुली मारायच्या आधी तिच्यावर पात्याने एक जपानी अक्षर काढायचं, मग त्याचेच चार तुकडे करायचे. निम्मी जपानी लिपी मी अशी चाळणीतून काढली आहे.

मग इंजिनीअर आले. नाव मोरी. हे नाव ऐकून आमच्या घरी जी खसखस पिकली ती विचारू नका. आई म्हणाली, “भुरग्याचें नांव मोरी दवरतात? न्हाणी तरी दवरूंक जाय आशिल्लें.” त्यांच्या भाषेत मोरी म्हणजे रान, हे मी समजावून सांगितलं तरी ऑफिसात कोणी ते नाव उघडपणे घ्यायला धजेना. खाणीवरच्या कामगारांनी तोड काढली. त्यांनी पाहुण्याचं मोरयासायब केलं. दोन-तीन दिवसांत मोरीसानही त्या हाकेला वळून बघायला लागले.

ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. बसा म्हणायचं होतं, ‘सुवात्ते कुदासाइ’. घाबरून ‘सावात्ते कुदासाइ’ म्हटलं. सु-चा सा झाला आणि अर्थ झाला, कृपया स्पर्श करा. मोरीसान पन्नाशीचे, बारीक चणीचे, अतिशय सभ्य. त्यांनी मी दाखवलेल्या खुर्चीला दोन बोटं लावली, माझ्याकडे बघितलं आणि तसेच उभे राहिले. मॅनेजरसाहेब म्हणाले, “जपानमध्ये अशी पद्धत असेल,” आणि त्यांनीही आपल्या खुर्चीला बोटं लावली. मग दोघं बसले.

असं करत आमचं जमत गेलं. यंत्राचे भाग, मोजमापं, नट-बोल्ट यांत भाषा लागतेच किती? बोट दाखवलं की भागतं. भाषा लागली ती टेलिंगच्या वेळी.

टेलिंग म्हणजे काय तेही सांगते. माती धुतली की चांगला माल वेगळा होतो आणि उरतो तो लोण्यासारखा मऊ, तांबडा गाळ. तो पाण्याबरोबर एका मोठ्या तलावात सोडतात. गाळ खाली बसतो, वरचं पाणी पुन्हा वापरतात. हा तलाव डोंगराच्या कुशीत मातीचा बांध घालून केलेला असतो. आमचा बांध होता त्याच्या खाली ओहोळ, ओहोळाच्या काठाने सर्वणची शेतं, आणि त्या शेतांत एक आमचं. आधीच एका पावसात बांधाच्या कडेने थोडा गाळ झिरपून वरच्या दोन-तीन कुणग्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, पसरला होता. त्या गाळावर गवतसुद्धा उगवत नाही. वाळला की तो खापरीसारखा टणक होतो. बाबा ते कुणगे बघून आले की रात्री जेवायचे नाहीत.

नव्या यंत्राने जास्त माती धुतली जाणार, म्हणजे गाळही जास्त येणार. मॅनेजरसाहेबांना पावसाआधी यंत्र चालू करायचं होतं. मोरीसान सकाळभर बांधावर फिरून आले होते. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “विचारा त्यांना, आहे या तलावात यंदाचा गाळ मावेल ना?”

मी विचारलं. वाक्य बरोबर होतं, हा प्रश्न येणार हे ठाऊक असल्यामुळे मी ते आदल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं. मोरीसान मान हलवत म्हणाले, “हाय, हाय.” मग दातांतून सूं करून हवा आत ओढली आणि म्हणाले, “चोत्तो...” आणि थांबले.

आमच्या तोंडात ‘होय’ला ‘हय’. जन्मल्यापासून तेच ऐकलेलं. मोरीसान मान हलवून ‘हाय’ म्हणाले ते माझ्या कानात थेट ‘हय’ म्हणूनच पडलं. भाषांतर करायची गरजच भासली नाही. ‘चोत्तो’ म्हणजे ‘थोडंसं’, हे मला माहीत होतं. थोडंसं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

“होय म्हणतात, साहेब,” मी म्हटलं.

रविवारी फिलोमेनाबाईंना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आता माझ्याशिवाय खाणीचं पान हलत नाही. त्या ऐकत होत्या. ‘चोत्तो’पर्यंत आले तेव्हा त्यांनी हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं.

“बाय, हाय म्हळ्यार हय न्हय,” त्या म्हणाल्या. “हाय म्हळ्यार ‘आयकलें’. तुवें विचारिल्लें ताणें आयकलें, इतलेंच.”

“आनी चोत्तो?”

तेव्हा त्यांनी आपली गोष्ट सांगितली. कोबेला त्यांनी घरमालकिणीला विचारलं होतं, खारी मासळी भाजली तर चालेल का? मालकीण म्हणाली, “हाय, चोत्तो...” आणि हसून थांबली. बाईंना वाटलं, थोडीशी भाजायला हरकत नाही. त्यांनी बांगडे भाजले. त्यानंतर मालकीण जिन्यात दिसली की तोंड फिरवून जायची. “जपानी मनीस तोंडार ना म्हणना,” बाई म्हणाल्या. “चोत्तो म्हणून रावता. फुडलें तुवें समजुपाचें.”

परत येताना बसमध्ये मी तेच ‘हाय, चोत्तो’ मनात घोळवत होते. धारगळहून भाजी घेऊन चाललेली एक बाई शेजारी बसली होती, ती सारखी काहीतरी विचारत होती आणि मी तिला नुसतं हूं हूं करत होते. मध्येच लक्षात आलं, की हेच ते. हे माझं हूं म्हणजे त्यांचं हाय. बाईला वाटत असेल, मी सगळं कबूल करते आहे.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, “साहेब, मोरीसान होय म्हणाले नव्हते. ते नाही म्हणत होते असं मला वाटतं.”

साहेबांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. “परबबाई,” ते म्हणाले, “शुक्रवारी होय होतं, आज नाही झालं. तुमचं शेत त्या बांधाखाली आहे ना? मला त्यांनी काय म्हटलं ते सांगा, तुम्हाला काय हवं आहे ते नको.”

शेत होतंच आमचं. मी शपथ घेतली असती तरी ती शेतवालीची शपथ झाली असती. तांबड्या मातीत वाढलेल्या बाईने कितीही हात धुतले तरी बोटांच्या फटीत रंग राहतोच, तसं ते होतं. मी एवढंच म्हटलं, “साहेब, बांधावर चला. तुमच्यासमोर विचारते.”

हे त्यांचं मोठेपण, की ते उठले.

बांधावर मोरीसान होते आणि पंप चालवणारा धाकू होता. धाकू सावंतवाडीकडचा, खाणीवर केस पांढरे झालेला माणूस. खाली शेतात लोक पेरणीआधीची नांगरट करत होते. बाबा कुठले ते मला इतक्या वरून ओळखू येत नव्हतं, पण होते ते तिथेच.

आता विचारायचं कसं? चांगली जपानी येणाऱ्याने कितीतरी गोड प्रकारांनी विचारलं असतं आणि मोरीसानांनी तितक्याच गोड प्रकारांनी उत्तर टाळलं असतं. मला गोड प्रकार येतच नव्हते. माझ्याकडे लहान मुलाचे शब्द होते. मी तलावाकडे बोट दाखवलं, मग खालच्या शेतांकडे दाखवलं, आणि विचारलं, “पाऊस येतो. पाणी येतं. हे लोक ठीक आहेत का? दाइज्योबु देसु का?”

मोरीसान म्हणाले, “हाय...” आणि दातांतून हवा ओढली.

मी म्हटलं, “हाय नको. चोत्तो नको. ठीक आहेत का?”

वडीलधाऱ्या पाहुण्या माणसाशी असं बोलणं हा शुद्ध उद्धटपणा. मोरीसानांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली शेतांकडे बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी नेहमीचं ‘देसु’चं सभ्य शेपूट न लावता, तुटक आवाजात एकच शब्द उच्चारला.

“आबुनाय.”

मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तोच मागून धाकू बोलला. “बाय, ह्यां माका पण कळलां,” तो म्हणाला. “नाय म्हणता तो.”

वास्तविक धाकूला काही कळलं नव्हतं. आबुनाय म्हणजे धोका. रस्त्यावर मूल गाडीसमोर आलं की जपानी आई हाच शब्द ओरडते. त्यातलं शेवटचं ‘नाय’ म्हणजे काही नकार नव्हे. ते नुसतं त्या शब्दाचं टोक. पण धाकूच्या मालवणी कानाने त्या टोकाला धरून बरोबर अर्थ बाहेर काढला. शुक्रवारी माझ्या कानाने जे बिघडवलं ते सोमवारी त्याच्या कानाने सावरलं. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

“धोका म्हणाले साहेब,” मी म्हटलं. “त्यांना विचारा, मी बाजूला होते.”

साहेबांनी मोरीसानांकडे बघून तोच शब्द प्रश्नासारखा म्हटला, “आबुनाय?” मोरीसानांनी कमरेत वाकून मान खाली घातली. मग काठीने बांधाचा पाया दाखवला, पाझराची ओली रेघ दाखवली, आणि हात जमिनीला समांतर धरून पाणी कुठवर खाली आणायचं ते दाखवलं. एकदा मोठा शब्द बोलून झाल्यावर त्यांना बाकीचं भराभर सांगता आलं. मला त्यातलं निम्मंच समजलं, पण तेवढं पुरलं.

यंत्र पावसाआधी चालू झालं नाही. वरच्या ऑफिसातून साहेबांना बोलणी बसली, ती त्यांनी एकट्याने खाल्ली. माझ्या नावावर ढकलली नाहीत. धाकूने पंप लावून तलावाचं पाणी उतरवलं, बांधाच्या पायाला चिऱ्यांची भक्कम भिंत घातली. त्या पावसात पाणी चढत चढत मोरीसानांनी दाखवलेल्या खुणेच्याही वर आलं. आधीचं पाणी तलावात असतं तर त्याला जायला खालच्या शेतांशिवाय वाट नव्हती. साहेबांनी मला बोलावून खिडकीतून तो तलाव दाखवला आणि चहा मागवला.

एक गोष्ट मनात राहिली आहे, ती लिहूनच टाकते. गोव्यात असे बांध पुष्कळ होते, आणि कितीतरी शेतं तांबडी झाली ती आजतागायत तशीच आहेत. त्या बांधांवर हा प्रश्न कोणी कोणत्याच भाषेत विचारला नाही, कोंकणीतही नाही आणि मराठीतही नाही. मला एकाच बांधावर विचारता आलं. तरीही त्या एकाचा अभिमान मला आहे आणि तो मी लपवत नाही.

दिवाळीनंतर मोरीसान यंत्र चालू करायला परत आले तेव्हा बाबांनीच त्यांना जेवायला बोलवायला सांगितलं. आमच्याकडे चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत नव्या भाताची कणसं आणून पुजतात आणि दारावर बांधतात. ती वर्षभर तिथेच असतात. मोरीसान अंगणात बूट काढून उंबऱ्याशी आले. बाबा घरात कितीही कोंकणी बोलोत, परका माणूस आला की त्यांची जीभ आपोआप मराठीवर जाते. ते हात जोडून म्हणाले, “आपण आलात, फार बरं वाटलं. यंदा आमचं शेत चांगलं पिकलं.”

मोरीसानांनी वर दाराकडे बघितलं. त्यांचे डोळे चमकले आणि ते म्हणाले, “हो.”

बाबा माझ्याकडे वळले. “बाय,” ते हळूच म्हणाले, “ह्याका मराठी येता.”

मलाही क्षणभर काही कळेना. मोरीसान टाचा उंच करून एका कणसाला बोट लावत होते आणि पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणत होते. मग मला उमगलं. त्यांचं गाव भाताचं. भाताच्या कणसाला जपानी भाषेत ‘हो’ म्हणतात. मी बाबांना तसं सांगितलं.

बाबांनी वर कणसांकडे बघितलं. मग पीक आलं नसतं तर, हे मनात येऊन त्यांनी विचारलं, “आनी शेत पिकूंक नाशिल्लें जाल्यार तो कितें म्हणपाचो आशिल्लो?”

“कांयच ना,” मी म्हटलं. “म्हणपाक कणसांच नाशिल्लीं.”

बाबांनी मोरीसानांना हाताला धरून आत नेलं आणि आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं.